वानरांचा शेजार

मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता खोपोलीजवळ आला, की शिळफाटा लागतो. फाट्यावर उभे राहिले म्हणजे समोर सह्याद्रीची उंच भिंत दिसते. पावसाळ्यात ती हिरवीगार असते, उन्हाळ्यात करडी पडते. पण कोणत्याही ऋतूत तिच्याकडे पाहिल्यावाचून प्रवासी पुढे जात नाही. या भिंतीवर चढण्यासाठी माणसाने बोरघाटात एकामागून एक वाटा काढल्या. १८३० साली येथे गाडीरस्ता झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढू लागली. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्णपणे खुला झाला. दर वेळी डोंगराचा काही भाग फोडावा लागला आणि काही रान तोडावे लागले.

या साऱ्या वाटांच्या आधीपासून ज्यांची येथे वस्ती आहे, ते माकडांचे कळप आजही घाटात आहेत. कर्जत आणि खंडाळा यांच्या दरम्यान लोहमार्गावर एक ठाणे आहे. त्याचे नावच मुळी ‘मंकी हिल’, म्हणजे माकडांची टेकडी. तेव्हा घाटातून जाणारा माणूस हा येथला पाहुणा होय. यजमान झाडांवर आणि कड्यांवर बसलेले असतात.

परंतु हे यजमान अलीकडे रस्त्याच्या कठड्यावर येऊन बसू लागले आहेत. घाटाच्या वळणावर एखादी मोटार थांबते. आतून एक लहान मूल काच खाली करून केळे पुढे करते. कठड्यावरची माकडीण, पोटाला चिकटलेल्या पिल्लासह, झेप घेऊन ते केळे पटकावते. मूल आनंदाने टाळ्या पिटते. आईवडिलांना वाटते, मुक्या प्राण्याच्या मुखी घास पडला. वनचरांना सोयरे मानण्याची आणि मारुतीच्या देवळापाशी वानरांना फुटाणे घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे या कृतीत काही चुकते आहे, अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाही.

पण त्या माकडिणीचे यात खरोखर हित झाले काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ दयाळू मनाला देता येणार नाही. त्यासाठी माकड कसे जगते, काय खाते, कोणाशी भांडते आणि कशाला भिते, हे ठाऊक असावे लागते. आणि हे ठाऊक होण्यास एकच मार्ग आहे: त्याच्या रानात जाऊन, स्वस्थ बसून, दीर्घकाळ पाहणे.

तसे पाहू गेले, तर माकडांविषयी आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे असे आपण समजतो. परंतु आपण ‘माकड’ आणि ‘वानर’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, येथूनच चुकीस प्रारंभ होतो. सह्याद्रीत हे दोन वेगळे प्राणी आहेत. तपकिरी अंगाचे, डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखे दिसणारे, ते माकड. ही जात जगात केवळ भारताच्या दक्षिण भागातच आढळते. वानर अंगाने मोठा आणि राखाडी असतो; त्याचे तोंड काळे व शेपूट फार लांब असते. त्याच्या प्रौढ नराला आपण हुप्प्या म्हणतो. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. मिळालेली फळे घाईघाईने तेथे भरून घ्यावीत आणि मग निवांत जागी जाऊन खावीत, अशी त्याची पद्धत. वानराला अशा पिशव्या नसतात. त्याच्या पोटाचे मात्र अनेक कप्पे असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो जून पानेदेखील पचवू शकतो. एकाच डोंगरावर राहणाऱ्या या दोन शेजाऱ्यांचे संसार असे निराळे आहेत.

आपल्या गोष्टींतही माकडे पुष्कळ आहेत. हौदातील माकडिणीची गोष्ट बहुतेक मुलांनी ऐकलेली असते. बादशहा एका हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडतो व हौद पाण्याने भरू लागतो. पाणी गळ्याशी येईपर्यंत माकडीण पिल्लाला डोक्यावर धरते. पण नाकातोंडात पाणी जाऊ लागताच ती पिल्लाला पायाखाली घेऊन त्याच्यावर उभी राहते. गोष्टीचे तात्पर्य असे, की स्वतःच्या जिवापुढे सारे प्रेम फिके आहे. गोष्ट चतुर आहे यात संशय नाही. तथापि ती माणसाने रचलेली आहे. माकडीण आपल्या पिल्लाशी खरोखर कशी वागते, हे सांगणारी माणसे पुढे जगाला लाभली. अशा माणसांत जेन गुडॉल या विदुषीचे नाव अग्रभागी आहे.

जेनचा जन्म ३ एप्रिल १९३४ रोजी लंडन येथे झाला. चारपाच वर्षांची असताना तिला एक कोडे पडले. कोंबडीच्या अंगावर अंडे बाहेर येण्याएवढी जागा तर कोठे दिसत नाही. मग अंडे येते कोठून? तिला पटेल असे उत्तर कोणी देईना. तेव्हा ही चिमुरडी कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली आणि गवताआड दडून कित्येक तास चूपचाप बसून राहिली. इकडे घरची माणसे तिला शोधून हवालदिल झाली. अखेर अंगाला गवत चिकटलेली जेन धावत आली. तिचे चमकणारे डोळे पाहून आईने रागाचा एकही शब्द उच्चारला नाही. ती खाली बसली आणि कोंबडी अंडे कसे घालते, याची सारी हकिकत तिने लेकीच्या तोंडून ऐकून घेतली. प्रश्न पडणे, उत्तरासाठी स्वतः जाणे, चिकाटीने वाट पाहणे आणि पाहिलेले दुसऱ्यास सांगणे या चारही गोष्टी त्या खुराड्यात जेनला साधल्या.

आफ्रिकेच्या अरण्यात जाऊन प्राण्यांमध्ये राहावे, ही तिची लहानपणापासूनची इच्छा होती. परंतु घरची स्थिती बेताची. विद्यापीठात जाणे परवडण्यासारखे नव्हते. तिने कचेरीतील कामाचे शिक्षण घेतले, उपाहारगृहात वाढपिणीचे काम करून प्रवासापुरते पैसे साठवले आणि १९५७ साली ती केनिया देशात गेली. तेथे लुई लीकी या विख्यात शास्त्रज्ञांशी तिची भेट झाली. मानवाच्या पूर्वजांचा शोध घेण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले होते. चिंपँझी हा माणसाच्या अगदी जवळचा नातलग. तो रानात कसा राहतो हे समजले, तर आपल्या पूर्वजांविषयीही काही समजेल, असा त्यांचा विचार होता. या कामासाठी त्यांनी पदवी नसलेल्या जेनची निवड केली. तिच्यापाशी चौकस बुद्धी होती आणि धीर होता. हे दोन गुण त्यांना पुरेसे वाटले.

१४ जुलै १९६० रोजी जेन टांगानिका सरोवराच्या काठी असलेल्या गोंबे येथील अरण्यात पोहोचली. हा प्रदेश आज टांझानिया देशात आहे. तरुण मुलीने एकटीने रानात राहणे तेथील अधिकाऱ्यांना मान्य नव्हते. म्हणून तिची आईही तिच्यासोबत तंबूत राहावयास गेली. आरंभी यशाचे चिन्ह दिसेना. जेनची चाहूल लागताच चिंपँझी दूर पळून जात. त्यातच मायलेकींना हिवतापाने गाठले. तरीही बरे वाटू लागताच जेन रोज पहाटे एका उंच टेकाडावर जाऊन बसे आणि दुर्बिणीतून पाहत राही. ती त्यांचा पाठलाग करीत नसे आणि लपूनही बसत नसे. रोज साधारण त्याच रंगाचे साधे कपडे घालून ती त्यांना दिसेल अशा जागी बसे. ‘ही येथे असते, पण आपल्याला उपद्रव देत नाही,’ एवढी खात्री चिंपँझींना पटण्यास कित्येक महिने लागले.

त्यांच्यातील एका नराची हनुवटी पांढरट केसांनी झाकलेली होती. जेनने त्याचे नाव ठेवले डेव्हिड ग्रेबियर्ड. तिची भीती टाकून देणारा हा पहिला चिंपँझी. १९६० च्या नोव्हेंबर महिन्यात एके दिवशी तो वाळवीच्या वारुळापाशी बसलेला तिला दिसला. त्याने गवताची एक काडी वारुळाच्या छिद्रात घातली, क्षणभर थांबून हलकेच बाहेर काढली आणि तिला चिकटलेली वाळवी ओठांनी टिपून खाल्ली. पुढे तर चिंपँझी डहाळीची पाने ओरबाडून ती कामाजोगी करून घेतात, असेही तिला आढळले. ही तर साक्षात हत्यार घडवण्याची क्रिया! केवळ माणूसच हत्यारे बनवतो, असे तोवर जगातील पंडित मानत होते. टेकाडावर मुकाट्याने बसलेल्या एका मुलीच्या डोळ्यांनी हा समज खोटा ठरवला.

१९६२ साली केंब्रिज विद्यापीठाने जेनला, पहिली पदवी नसतानाही, डॉक्टरेटच्या अभ्यासासाठी प्रवेश दिला. तेथे काही विद्वानांनी तिची चूक दाखवली. अभ्यासाच्या प्राण्यांना क्रमांक द्यावयाचे असतात. नावे द्यावयाची नसतात, असे त्यांचे म्हणणे. प्राण्याला स्वभाव असतो, सुखदुःख असते, असे लिहिणेही त्या काळी अशास्त्रीय समजले जाई. जेनने त्यांचे ऐकून घेतले, अभ्यासाची शिस्त अंगी बाणवली, पण नावे काही सोडली नाहीत. कारण तिने पाहिलेले दोन चिंपँझी कधीच एकसारखे नव्हते. एक धीट, दुसरा भित्रा. एक भांडखोर, दुसरा समजूतदार. जे दिसले ते न लिहिणे हाच खरा अशास्त्रीयपणा होय, अशी तिची धारणा होती.

त्या कळपात फ्लो नावाची एक वृद्ध मादी होती. ती पिल्लांना गोंजारी, त्यांच्याशी खेळे, चुकले तर त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवी. तिचे फ्लिंट नावाचे धाकटे पिल्लू मोठे झाले तरी तिला सोडून राहत नसे. १९७२ साली फ्लो मरण पावली. आठ वर्षांच्या फ्लिंटने खाणेपिणे टाकले, तो एकटा बसून राहू लागला आणि महिनाभराच्या आतच त्यानेही प्राण सोडला. मेलेले पिल्लू कित्येक दिवस उराशी धरून फिरणाऱ्या माकडिणीही अभ्यासकांनी पाहिल्या आहेत. हौदातील माकडिणीच्या गोष्टीला रानाने दिलेले हे उत्तर आहे.

मात्र पाहणाऱ्याच्या हातूनही चूक घडू शकते, आणि जेनच्या हातून ती घडली. चिंपँझी जवळ यावेत आणि निरीक्षण सुलभ व्हावे, म्हणून तिने तळावर केळी ठेवण्यास प्रारंभ केला होता. केळ्यांच्या ओढीने चिंपँझी मोठ्या संख्येने तेथे जमू लागले. एरवी रानभर पांगून खाणारे हे प्राणी एका जागी दाटीने आले आणि त्यांच्यातील भांडणे व मारामाऱ्या वाढल्या. ते तंबूत शिरून वस्तू पळवू लागले. बबून जातीची माकडेही केळ्यांवर तुटून पडू लागली. चिंपँझींचा स्वभाव पाहावयास गेलेल्या माणसानेच तो बिघडवला! ही गोष्ट ध्यानी आल्यावर केळी देणे पुष्कळच कमी करण्यात आले आणि कालांतराने ते बंद झाले. १९६६ साली आणखी एक धडा मिळाला. गोंबेच्या चिंपँझींमध्ये पोलिओची साथ पसरली. काही मेले, काही कायमचे पंगू झाले. माणसाला होणारा रोग त्याच्या या नातलगांनाही जडू शकतो, हे त्या दुःखद प्रसंगाने दाखवून दिले. दूर राहणे हेही प्रेमाचे एक लक्षण आहे, असे हे दोन धडे सांगतात.

जेन गोंबेत बसली होती, त्याच काळात आपल्या देशातही अशीच नजर वानरांवर खिळली होती. युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी १९६१ ते १९६३ या काळात कर्नाटकातील धारवाडजवळच्या रानात वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करीत होते. अनेक टोळ्यांत माद्या व पिल्ले यांच्यासोबत एकच प्रौढ नर असतो, हे त्यांनी पाहिले. बाहेरचे नर एकत्र येऊन त्याच्यावर हल्ला करतात, त्याला हाकलून लावतात आणि त्यांच्यातील एक जण टोळीचा नवा नायक होतो. अशा वेळी जुन्या नायकाची तान्ही पिल्ले मारली जातात, असेही त्यांना आढळले. अनेकांना हे प्रथम खरे वाटेना. रान हे केवळ सुंदर नसते; ते कठोरही असते. पाहणाऱ्याने दोन्ही पाहिली पाहिजेत.

वानरांचे हे जीवन मराठी वाचकांपर्यंत नेले ते व्यंकटेश माडगूळकर यांनी. ‘बनगरवाडी’ या कादंबरीमुळे माणदेशातील माणसांचे लेखक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. पण त्यांना रानाचेही वेड होते. विदर्भातील नागझिऱ्याच्या अरण्यात ते जाऊन राहिले. ते चित्रकारही होते. त्यामुळे प्राण्याची मान कशी वळते, शेपूट कशी उभी राहते, हे त्यांचा डोळा अचूक टिपी. ‘नागझिरा’ या पुस्तकात त्यांनी तेथील दिवसांचे वर्णन केले, आणि १९८२ साली ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांची कादंबरी लिहिली. तिच्यात बोलणारी वानरे नाहीत. रानात घडते तेच तिच्यात घडते. मात्र गोंबेतील चिंपँझींप्रमाणेच तिच्यातील वानरांनाही नावे आहेत. या पुस्तकाला १९८३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शास्त्रज्ञाची टिपणे सर्वांच्या हाती पडत नाहीत. कथा मात्र घरोघरी जाते. ‘सत्तांतर’ वाचून झाल्यावर झाडावरच्या टोळीकडे पाहणाऱ्याला तेथे नुसती ‘माकडे’ दिसत नाहीत. एक नायक, काही माता, काही उनाड पोरे असा संसार दिसू लागतो. आणि ज्याचा संसार दिसला, त्याला दगड मारावयास हात धजत नाही.

पाहणे आणि राखणे यांचे नाते हे असे आहे. जेन गुडॉल यांच्या आयुष्यातही तोच टप्पा आला. १९८६ साली शिकागो येथे चिंपँझींच्या अभ्यासकांची परिषद भरली. आफ्रिकेत ठिकठिकाणी जंगले नष्ट होत आहेत आणि चिंपँझींची संख्या झपाट्याने घटत आहे, असे एकेकाने सांगितले. ते ऐकून त्यांनी आपले आवडते अरण्य मागे ठेवले आणि गावोगावी, देशोदेशी जाऊन लोकांना जागे करण्याचे व्रत घेतले. पुढे एकदा लहान विमानातून गोंबेवरून जाताना त्यांना दिसले, की अरण्याभोवतालचे डोंगर बोडके झाले आहेत. तेथील माणसे गरीब होती. पोटासाठी त्यांनी झाडे तोडली होती. या माणसांना सुस्थितीत आणल्यावाचून चिंपँझी वाचणार नाहीत, हे ओळखून त्यांच्या संस्थेने १९९४ पासून त्या गावांत शेती, रोपवाटिका, आरोग्य व शिक्षण यांची कामे हाती घेतली. त्याआधी, १९९१ साली, टांझानियातील अवघ्या बारा विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी मुलांची एक चळवळ सुरू केली होती. तिच्या नावाचा अर्थ आहे ‘मुळे आणि कोंब’. त्या बारा मुलांच्या कामाचा विस्तार पुढे अनेक देशांत झाला. उतारवयातही जेन वर्षातील बहुतेक दिवस प्रवासात असत. १ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, व्याख्यानांच्या अशाच एका दौऱ्यावर असताना त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा शिळफाट्याकडे वळावे आणि घाटातल्या त्या केळ्याचा विचार करावा. गोंबेत जे घडले, ते घाटाच्या रस्त्यावर घडण्यास काय उशीर? आयता घास मिळू लागला, की कळप रान सोडून रस्त्याला चिकटतो. भरधाव मोटारी जातात, आणि त्यांच्या खाली प्रथम सापडतात ती अजाण पिल्ले. अन्न एका जागी पडते, म्हणून भांडणे होतात. दांडगे ते पटकावतात आणि दुबळे उपाशी राहतात. तळलेले, खारट पदार्थ त्यांच्या पोटास मानवत नाहीत. काही वेळा खाऊबरोबर प्लास्टिकची पिशवीही पोटात जाते. माणसाचे भय मोडलेले माकड मग पिशवी हिसकावते, खिडकीतून स्वयंपाकघरात शिरते, क्वचित चावते. तेव्हा कालपर्यंत केळे देणारी माणसेच काठ्या आणि पिंजरे मागू लागतात. ‘माकडाच्या हाती कोलीत’ अशी म्हण आपण वापरतो. पण ते कोलीत त्याच्या हाती दिले कोणी, हे विचारावयास विसरतो.

हानी एवढ्यावरच थांबत नाही. रानातील माकड उंबर, जांभळे, करवंदे खाते. गालांच्या पिशव्यांत फळे भरून ते दूर जाऊन बसते आणि बिया तेथे टाकते. पाऊस पडताच त्यांतील काही रुजतात. अशा रीतीने माकड हे डोंगराचे न नेमलेले माळी होय. हा माळी रस्त्यावर भीक मागू लागला, तर रानात बी टाकण्याचे त्याचे काम कोण करील? तोडलेल्या रानाची भरपाई करू पाहणाऱ्या या कामकऱ्याला आपणच कामावरून उठवतो.

मग घाटातील या शेजाऱ्यांसाठी मुलांना काय करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे त्यांना काहीही खावयास न देणे. दुसरी गोष्ट पाहणे. कर्जत–खालापूर भागातील मुलांना त्यासाठी आफ्रिकेत जाण्याचे कारण नाही. गावाबाहेरच्या झाडावर कळप आला, की वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन, दुरूनच बसावे. माकडाच्या डोळ्यांत डोळे रोखू नयेत. त्यांच्या भाषेत तो धाक ठरतो. वहीत तारीख, वेळ आणि जागा लिहावी. कळपात किती जण आहेत, पिल्ले किती, कोण कोणाचे केस साफ करतो, कोणत्या झाडाचे काय खाल्ले, हे टिपावे. जे दिसले तेच लिहावे. न दिसलेले लिहू नये. झाडाचे नाव माहीत नसेल, तर वाडीवरच्या ठाकर वा कातकरी आजोबांना विचारावे. रानाची बाराखडी त्यांना लहानपणापासून पाठ असते. विख्यात वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनीही पुष्कळसे वनज्ञान आदिवासींपाशी बसूनच मिळवले होते. अशी वही वर्षभर लिहिली, तर आपल्या गावाजवळच्या एका कळपाचा इतिहास तयार होईल, आणि तो दुसऱ्या कोणापाशी नसेल.

तिसरी गोष्ट सांगण्याची. खुराड्यातून धावत आलेल्या जेनचे आईने ऐकून घेतले, तसे आपल्या घरची माणसेही ऐकून घेतील. पुन्हा कधी घाटाच्या वळणावर मोटार थांबली आणि कोणी केळे बाहेर काढले, तर मुलाने हळूच म्हणावे, “आई, नको गं देऊस. त्या पिल्लाला रस्त्यावर यायची सवय लागेल. आपण नुसते पाहू या.” काही वेळ वाट पाहून माकडीण कठड्यावरून उठेल आणि पिल्लाला पोटाशी घेऊन उंबराच्या दिशेने उतारावर निघून जाईल. त्या दिवशी तिला काही न देता मुलाने तिचे रान तिला परत दिलेले असेल.

स्वाध्याय

१. माकड आणि वानर यांच्यातील फरक सांगा.

२. खुराड्यातील प्रसंगावरून जेनचे कोणते गुण दिसून येतात?

३. अभ्यासाच्या प्राण्यांना नावे देण्यास विद्वानांचा विरोध का होता? जेनने नावे का सोडली नाहीत?

४. गोंबेतील केळी आणि बोरघाटातील केळी यांमध्ये कोणते साम्य आहे?

५. ‘माकड हे डोंगराचे न नेमलेले माळी होय,’ असे का म्हटले आहे?

६. ‘माकडाच्या हाती कोलीत’ या म्हणीचा अर्थ सांगून या पाठाच्या आधारे तिच्यावर पाचसहा ओळी लिहा.

७. तुमच्या घराजवळील कोणत्याही एका प्राण्याचे अथवा पक्ष्याचे सात दिवस रोज पंधरा मिनिटे निरीक्षण करा. जे दिसले तेवढेच वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.